साखर सुटली, संप अडकला

आठवड्याला किती तास काम करावं, यावर आपल्याकडे अधूनमधून वादळ उठतं. कुणी मोठा उद्योजक सत्तर तास म्हणतो, कुणी नव्वद, आणि दोन दिवसांत ठरलेली माणसं ठरलेल्या जागी जाऊन उभी राहतात. एक बाजू म्हणते, अमेरिकेकडे बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे कामगार कायद्यांचं लोढणं नव्हतं, सरकारची लुडबुड नव्हती, म्हणून पोलादवाला कार्नेगी आणि तेलवाला रॉकफेलर घडले आणि म्हणून तो देश घडला. दुसरी बाजू म्हणते, कसले उद्योजक, दरोडेखोर होते ते, मजुरांचं रक्त शोषून मोठे झाले. पुढचे आठ दिवस मग कार्नेगीने किती वाचनालयं बांधली आणि किती कामगार देशोधडीला लावले, याची मोजदाद चालते. त्याच्या चारित्र्याचा निकाल लागला की प्रश्नाचा निकाल लागला, असं दोन्ही बाजूंना मनापासून वाटतं.

मला हा सगळा वादच चुकीच्या रुळावर गेलेला दिसतो. त्या काळापासून शिकायचं ते मालकांच्या स्वभावात सापडणार नाही. नियम कुणी केले, कुणावर चालवले आणि कुणाला त्यातून सूट दिली, हे पाहावं लागेल. सरकार तेव्हा बाजूला बसून होतं हे धडधडीत खोटं आहे. ते मैदानाच्या मध्यभागी होतं आणि बहुतेक वेळा एकाच संघाकडून खेळत होतं. आणि कामाचे तास ही तर अशी गोष्ट आहे की चांगल्यातला चांगला मालकही ती एकट्याच्या बळावर टिकवू शकत नाही. याचा प्रयोग खुद्द कार्नेगीच्याच कारखान्यात झाला होता. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. १८६७ साली अमेरिकेत पोलादी रुळांचा भाव टनाला सुमारे १६६ डॉलर होता. १८९८ पर्यंत तो अठराच्या आसपास आला. रॉकेलचं तेच. १८६५ साली गॅलनला ५८ सेंट पडणारं रॉकेल १८८५ साली ८ सेंटला मिळू लागलं. हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हता. सूर्य मावळला की ज्यांचा दिवस संपायचा, अशा लाखो घरांत त्यामुळे दिवा लागला. ती लाट आपल्यापर्यंतही आली. अमेरिकेचं रॉकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून मुंबई बंदरात उतरायचं. ‘रॉक ऑइल’चं आपण ‘रॉकेल’ केलं ते तेव्हापासून. माझ्या आजीच्या घरी तसाच एक डबा होता, वरचं तोंड कापून, आडवी लाकडी दांडी ठोकून पाणी शेंदायला केलेला. तेल संपल्यावरही तो डबा पिढ्यान्‌पिढ्या राबला. ज्या व्यवस्थेने इतक्या दूरच्या स्वयंपाकघरात उजेड पोचवला, तिला नुसती लूट म्हणून मोकळं होता येत नाही.

मजुरीचंही तसंच. १८६० ते १८९० या तीस वर्षांत अमेरिकी कामगारांची खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता, सुमारे निम्म्याने वाढली असा अर्थेतिहासाचा अंदाज आहे. १८७० ते १९०० या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं समुद्र ओलांडून त्या देशात गेली. त्यांना कुणी साखळदंड घालून नेलं नव्हतं. आपल्या गावापेक्षा पिट्सबर्गच्या धुरात बरं दिसलं म्हणूनच ती गेली ना? कार्नेगी स्वतः त्यांच्यातलाच होता. स्कॉटलंडातल्या डनफर्मलिनच्या हातमागवाल्याचा मुलगा. यंत्रमागाने बापाचा धंदा बसवला, म्हणून १८४८ साली कुटुंब अमेरिकेला आलं आणि हा पोरगा आठवड्याला सव्वा डॉलरच्याही आत सूतगिरणीत बॉबिन उचलू लागला. त्याची हुशारी, खर्चाचा पै-पै हिशेब ठेवण्याची त्याची शिस्त, जुनं यंत्र मोडीत काढून नवं बसवण्याची धमक, हे सगळं खरं आहे.

पण ही हुशारी मोकळ्या माळावर उगवली, हे खरं नाही. १८७० साली अमेरिकी काँग्रेसने परदेशी पोलादी रुळांवर टनाला २८ डॉलर आयात शुल्क बसवलं. इंग्लंडचा माल दाराबाहेर थोपवून धरला, तेव्हा कुठे आतल्या भट्ट्या पेटल्या. रेल्वे कंपन्यांना केंद्र सरकारने सुमारे १३ कोटी एकर जमीन बहाल केली, आणि ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींची होती. संरक्षण घेताना सरकार हवं, जमीन घेताना सरकार हवं. मग कामगाराने दहा तासांचा कायदा मागितला की ती मात्र बाजारातली ढवळाढवळ कशी काय ठरते?

कायदाच बघा. यादवी युद्धानंतर १८६८ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. गुलामीतून सुटलेल्या माणसांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण मिळावं, हा तिचा हेतू. ही घटना आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. पुण्यात बसलेल्या एका माणसाला त्या मुक्तीत आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या सुटकेची वाट दिसत होती. त्या अर्पणपत्रिकेला तेरा वर्षं होतात न होतात तोच, १८८६ साली, सँटा क्लारा परगणा विरुद्ध सदर्न पॅसिफिक रेल्वे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांनी युक्तिवाद ऐकण्याआधीच सांगून टाकलं की ही दुरुस्ती कंपन्यांनाही लागू आहे. गुलामासाठी बांधलेल्या छपराखाली रेल्वे कंपनी येऊन बसली, आणि ज्याच्यासाठी ते बांधलं तो दक्षिणेतला काळा माणूस पुढची कित्येक दशकं बाहेर भिजत राहिला.

आता १८९५ सालचे दोन निकाल. ‘सरकार बाजूला होतं’ म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. मक्तेदारी मोडायला म्हणून २ जुलै १८९० रोजी शर्मन कायदा झाला. व्यापारात अडथळा आणणारी कारस्थानं बेकायदा, असं त्याचं सार. या कायद्याखाली साखर उद्योगावर खटला गेला. अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनीने प्रतिस्पर्धी कारखाने विकत घेऊन देशातली ९८ टक्के साखर शुद्धीकरण क्षमता मुठीत आणली होती. जानेवारी १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, साखर तयार करणं हे उत्पादन झालं, व्यापार नव्हे. कायदा लागू नाही. साखर सुटली.

चार महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच न्यायालयापुढे रेल्वे कामगारांचा पुढारी युजीन डेब्ज आला. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन या रेल्वेचे शयनयान डबे बनवणाऱ्या कारखानदाराने कामगारांसाठी स्वतःच्या नावाचं गाव वसवलं होतं. विटांची नीटनेटकी घरं, बागा, ग्रंथालय, सगळं देखणं. पण घर कुणाला विकत मिळायचं नाही. घरमालकही पुलमन आणि पगार देणाराही पुलमन. १८९३ ची मंदी आली तेव्हा त्याने पगार सरासरी पाव हिश्शाने कापले, घरभाडं मात्र एक पैसाही कमी केलं नाही. भागधारकांचा लाभांशही चालू ठेवला. भाडं वळतं करून घेतल्यावर एका कामगाराच्या नावे दोन सेंटचा चेक निघाला, अशी साक्ष पुढे सरकारी चौकशी आयोगासमोर झाली. त्या चेककडे बघून कुणी ‘करार दोघांच्या खुशीचा होता’ असं म्हणू शकेल का?

मे १८९४ मध्ये पुलमनचे कामगार संपावर गेले. डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने त्यांना साथ दिली, ती अशी की देशभर पुलमनचा डबा असलेली गाडी चालवायची नाही. टपाल अडवायचं नाही, हेही युनियनने सांगितलं होतं. तेव्हा रेल्वे कंपन्यांनी टपाल गाड्यांनाच पुलमनचे डबे जोडायला सुरुवात केली. देशाचा ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी, ज्याची आधीची सारी कारकीर्द रेल्वे कंपन्यांच्या वकिलीत गेलेली, त्याच्या सांगण्यावरून २ जुलैला, शर्मन कायद्याच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, शिकागोच्या संघीय न्यायालयाने मनाई हुकूम काढला. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड लेखी निषेध करत राहिले, तरी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी लष्कर घातलं. हुकूम मोडल्याबद्दल डेब्जला सहा महिन्यांची कैद झाली. खालच्या न्यायालयाने तिला आधार घेतला तो मक्तेदारी मोडण्यासाठी केलेल्या त्याच शर्मन कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने त्याहूनही मोठी वाट काढली: टपाल आणि आंतरराज्य व्यापार सुरळीत ठेवायला सरकारला असे हुकूम मिळवण्याचा अधिकारच आहे. ९८ टक्के साखर एका कंपनीच्या हातात जाते तेव्हा देशाच्या व्यापाराला धक्का लागत नाही, आणि पगार कापलेल्या सुतारांच्या बाजूने रेल्वे कामगार हात आखडता घेतात तेव्हा मात्र लागतो. याला मोकळा बाजार म्हणायचं?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. ते म्हणजे, नको होतं तर काम सोडायचं. पटलं नाही तर दुसरा मालक बघावा, तोही चांगली माणसं टिकवायला स्वतःहून सुधारेल. हे उत्तर कागदावर नेटकं दिसतं. प्रत्यक्षात काय झालं, ते रेल्वेच्या कपलिंगवरून कळतं. तेव्हा मालगाडीचे डबे ‘लिंक अँड पिन’ने जोडत. दोन डबे एकमेकांकडे सरकत असताना ब्रेक्समनने मधल्या फटीत उभं राहायचं, एका हाताने लोखंडी कडी उचलून समोरच्या खाचेत घालायची आणि ती आत गेली की क्षणात हात काढून वरून खिळा सोडायचा. पावसात, बर्फात, रात्री कंदिलाच्या उजेडात. क्षणभर उशीर झाला की बोटं गेली. बोटं शाबूत असलेला ब्रेक्समन नवखा समजावा, असं त्या धंद्यात म्हणत. १८८८ च्या जूनला संपलेल्या एका वर्षात दोन हजारांहून अधिक रेल्वे कामगार कामावर मेले आणि वीस हजारांहून अधिक जखमी झाले, हे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनीच काँग्रेसला सांगितलं. आणि उपाय नव्हता असं नाही. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक १८६९ पासून होता, जॅनीच्या आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट १८७३ चं. वीस वर्षं ते पडून राहिले, विशेषतः मालगाड्यांच्या बाबतीत. का? एका कंपनीने खर्च करून आपले डबे बदलले तरी ते दुसऱ्या कंपनीच्या जुन्या डब्यांना जोडावे लागणार होते. १८९३ साली कायदा आला, सगळ्यांना एकदमच बदलणं भाग पडलं, तेव्हा कुठे ती बोटं वाचू लागली.

कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही आपल्या घरातली घाण झाकू नये. शिकागोत १८८६ च्या १ मेपासून आठ तासांसाठी जो संप झाला, त्यातूनच आपण पाळतो तो कामगार दिन आला. ४ मे रोजी हेमार्केट चौकात कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब फेकला, पोलिसांनी गोळीबार केला, दोन्हीकडची माणसं गेली. बॉम्ब कुणी टाकला हे सिद्ध न करताच चौघांना फाशी दिलं आणि उरलेल्या तिघांना पुढे याच आल्टगेल्ड यांनी माफी दिली. तो खटला अन्यायाचा होता. पण बॉम्ब हा बॉम्बच होता, आणि त्याने आठ तासांची मागणी कित्येक वर्षं मागे ढकलली. त्याहून लाजिरवाणं म्हणजे रॉक स्प्रिंग्ज. वायोमिंगमधल्या त्या खाणीच्या गावात १८८५ साली गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांना ठार मारलं आणि त्यांची वस्ती जाळली. १८८२ च्या चिनी प्रवेशबंदी कायद्यामागे कामगार संघटना जोर लावून उभ्या होत्या. ज्यांनी डोंगर फोडून सेंट्रल पॅसिफिकचे रूळ टाकले, त्यांनाच त्यांच्या बरोबरीच्या मजुरांनी हाकललं. संघटना म्हणजे आपोआप न्याय, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ही नावं विसरू नयेत. पण यातून निष्कर्ष काय निघतो? संघटनेचा हक्क काढून घ्यावा, की तो सगळ्यांना द्यावा?

आता होमस्टेड. कार्नेगीला राक्षस ठरवणाऱ्यांचा हा हुकमी एक्का आहे आणि मला वाटतं त्यांनाही तो नीट वाचता आलेला नाही. १८८६ साली कार्नेगीने लेख लिहून कामगारांच्या संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला होता आणि संपकऱ्याची नोकरी दुसऱ्याने बळकावू नये असंही बजावलं होतं. १८८९ मध्ये त्याने लिहिलं की श्रीमंतीतच मरणारा माणूस कलंकित होऊन मरतो. तो हे तोंडदेखलं बोलत होता असं मला वाटत नाही. पुढे त्याने अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून संपत्ती खरोखर वाटली. आणि तरीही १८९२ च्या उन्हाळ्यात, होमस्टेडच्या पोलाद कारखान्याचा कामगार संघटनेशी असलेला करार संपत आला तेव्हा, तो स्कॉटलंडला निघून गेला आणि कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकला त्याने पूर्ण पाठिंबा कळवला.

फ्रिकने कारखान्याभोवती तीन मैलांचं उंच लाकडी कुंपण उभारलं, वर काटेरी तार लावली आणि टाळेबंदी जाहीर केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे तीनशे भाडोत्री शिपाई दोन बंदिस्त पडावांत भरून मोनोंगहेला नदीतून कारखान्याच्या काठाला आणले गेले. भोंगे वाजले, बायका-मुलांसह सगळं गाव अंधारात काठावर धावलं. गोळीबार दिवसभर चालला. सात कामगार आणि तीन पिंकर्टन मेले. संध्याकाळच्या सुमारास शरण आलेल्या शिपायांना जमावाने दुतर्फा उभं राहून बेदम मारलं. हेही घडलं आणि त्याचं समर्थन होत नाही. काही दिवसांतच पेनसिल्व्हेनिया राज्याची आठ हजारांवर सैनिकांची फौज आली आणि तिच्या पहाऱ्यात कारखाना बदली मजुरांवर सुरू झाला. संपाच्या पुढाऱ्यांवर खून आणि राज्याविरुद्ध द्रोहाचे आरोप ठेवले गेले. पंचांनी एकालाही दोषी धरलं नाही, पण तोवर नोव्हेंबरमध्ये संघटना मोडून पडली होती.

कार्नेगी ढोंगी होता म्हणून हे झालं, असं मानलं तर उपाय सोपा होतो, ढोंगी नसलेला मालक शोधायचा. पण तसा माणूस त्याच्याच पदरी होता. ब्रॅडकच्या एडगर थॉमसन कारखान्यात, जिथे कार्नेगीचे रूळ बनत, तिथला सुपरिंटेंडेंट कॅप्टन बिल जोन्स. स्वतः कोवळ्या वयात कामाला लागलेला, भट्टीची धग अंगावर घेतलेला. हाडामांसाच्या माणसाकडून बारा तास सलग असं काम होत नाही, हे त्याने कार्नेगीला पटवलं आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू केल्या. कारखाना बुडाला का? उलट तो उत्पादनाचे उच्चांक मोडत गेला. ज्या स्वस्त रुळांचं आपण वर कौतुक केलं, त्यांच्या भावातली मोठी घसरण याच वर्षांतली आहे. १८८० च्या दशकाच्या मध्याला टनाचा भाव तीस डॉलरच्या आसपास येऊन ठेपला होता. तासांना कात्री लावली की देश मागे पडतो म्हणणाऱ्यांना ब्रॅडकचं उत्तर एवढं सरळ आहे.

तरी तो प्रयोग टिकला नाही, आणि तो का टिकला नाही यातच सगळं आलं. बाकीच्या कारखान्यांनी आठ तास स्वीकारले नाहीत. प्रतिस्पर्धी दोन पाळ्यांत काम उरकतात आणि आपण तीन पाळ्यांची मजुरी भरतो, हे कार्नेगीला सोसेना. १८८७ च्या अखेरीस त्याने बारा तास परत आणले. कामगारांनी विरोध केला, टाळेबंदी झाली, पिंकर्टन आले आणि वसंतात माणसं मुकाट्याने बारा तासांवर रुजू झाली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, जोन्स त्याच कारखान्यात भट्टीच्या स्फोटात गेला. मालक भला होता, व्यवस्थापक त्याहून भला होता, हिशेबही जुळत होता. नव्हता तो सगळ्यांना बांधणारा एक नियम.

आपल्या गिरण्यांचा अनुभव याहून वेगळा नाही, आणि काळही तोच. मुंबईत एकेकट्या गिरणीमालकाला गाठून कुणाला रविवारची सुट्टी मिळाली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली, त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषण केलं. मग गिरणीमालकांच्या संघानेच निर्णय घेतला, सगळ्या गिरण्यांसाठी एकदम, १० जून १८९० रोजी. कुणा एकाने रविवारी गिरणी बंद ठेवायची आणि शेजाऱ्याने चालू, ही भीती गेली म्हणून तो रविवार मिळाला. आज सत्तर तासांचा पुरस्कार करणाराही तो रविवार घेतोच.

अमेरिकेच्या पोलाद कामगाराला मात्र फार थांबावं लागलं. १९०१ साली कार्नेगीने आपला धंदा जे. पी. मॉर्गनच्या गटाला ४८ कोटी डॉलरला विकला आणि त्यातून यू. एस. स्टील ही जगातली पहिली अब्ज डॉलरची कंपनी उभी राहिली. तास बारा ते बाराच. दर पंधरवड्याला दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलताना एका तुकडीला सलग चोवीस तास भट्टीपुढे उभं राहावं लागे. होमस्टेडला १८९८ साली कार्नेगीचं भव्य ग्रंथालय उघडलं, पोहण्याच्या तलावासकट. त्याच्या पायऱ्या चढायचं त्राण पाळीवरून सुटलेल्या कितीजणांत उरत असेल? १९१९ साली आठ तासांसाठी देशभर पोलाद संप झाला, तोही चिरडला गेला. अखेर लोकमताचा रेटा आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचा दबाव असह्य झाला तेव्हा, १९२३ च्या ऑगस्टमध्ये, यू. एस. स्टीलने बारा तासांची पाळी बंद करायला घेतली. भट्ट्या विझल्या नाहीत, पोलाद महाग होऊन देश बुडाला नाही. बिल जोन्सने ब्रॅडकला लावलेल्या त्याच आठ तासांच्या तीन पाळ्या पुन्हा लागल्या. मधल्या पस्तीस वर्षांत त्या भट्ट्यांपुढे माणसांची एक अख्खी पिढी उभी राहून संपली होती.